गाडी गरम होईस्तोवर

डिसेंबर लागला की आमची पिकअप नखरे करते. डिझेलची गाडी, त्यात म्हातारी. किल्ली अर्धी फिरवायची, मीटरवर हीटरचा पिवळा दिवा लागते, इंजिनातले चार हीटर प्लग तापेस्तोवर थांबायचं, दिवा विझला की मंग स्टार्टर मारायचा. थांबणं माझ्या स्वभावात नाही. ते काम आमच्या घरच्यायचं, माझ्या नवऱ्याचं होतं.

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात त्यायले लकवा मारला. उजवी बाजू गेली आन् वाचा गेली. पाय थोडा परतला, काठीनं ओट्यापर्यंत येतात. बोलणं काही आलं नाही. डॉक्टर म्हणे, येईलही, न येईलही. हे सांगायले डॉक्टर कायले पाहिजे?

तेव्हापासून गाडी माझ्याकडं. हुडकेश्वरच्या पुढं आमचं वावर आहे, आता चारही बाजूंनी प्लॉट पडले. मेथी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर लावतो. सकाळी लवकर बाजारात नाही पोहोचलं तं माल तसाच पडून राहते. आन् घरी परत आलं की ते मुकं घर. मी बडबडी, ते मोजकं बोलणारे, तरी घर भरलेलं वाटे. आता दोघायच्या वाटचं मीच एकटी बोलते. त्यायचा आवाज कसा होता, हे आठवायले डोळे मिटावे लागतात. मले त्याची लई भीती वाटते.

त्या सकाळी दिवा लागला, विझला, मी स्टार्टर मारला. मागून पांढरा धूर, गाडी काही चालू होईना. पुन्हा मारला. पुन्हा. "काहून वं सवते, आजच काय झालं तुले?" बॉनेट उघडलं. प्लग गेले असतील म्हणून वरची पट्टी काढली, बल्बची एक वायर बॅटरीच्या प्लसले लावली आन् दुसरी एकेका प्लगच्या डोक्याले. बल्ब लागला तं प्लग चांगला. हे मी त्यायच्या मागं उभी राहून शिकली. चारही वेळा बल्ब लागला. पट्टी परत कसली. आता डोकं चालेना. दिवा लागते म्हणजे हीटर चालते, असंच मी धरून बसली होती.

ओट्यावर शाल पांघरून बसलेले आमचे घरचे काठी आपटायले लागले. मले वाटलं, पाणी पाहिजे. गिलास नेला तं बाजूले सारला. चहा? नाही. काठी आणखी जोरात.

"सांगा ना मंग काय पाहिजे!" मी ओरडली आन् लगेच जीभ चावली. सांगा म्हणे! कोणाले म्हणून राहिली मी?

स्वतःवरचा राग घेऊन पुन्हा सीटवर चढली. किल्ली हातात, तोंड चालूच. गाडीले शिव्या, थंडीले शिव्या, सांभार सुकून राहिला म्हणून देवालेही.

"गप!"

घोगरा, फाटका, पण सरळ कानात शिरलेला शब्द. ओट्यावरून आला होता. माझा हात तसाच किल्लीवर राहिला. त्यायनं काठीनं किल्लीकडं दाखवलं आन् मंग आपल्या कानाले बोट लावलं.

मी किल्ली अर्धी फिरवली. दिवा लागला. बाकी काही नाही. तेव्हा उमगलं. किल्ली फिरवली की बॉनेटखालचा रिले 'टक' असा वाजते, तेव्हाच प्लगले करंट जाते. दिवा आपला वेगळाच लागते. माझ्या बडबडीत मले कळलंच नव्हतं की टक बंद पडली आहे. रिलेच्या वायरचं टोक हिरवं पडलं होतं. पॉलिश पेपरनं घासलं, दाबून बसवलं, किल्ली फिरवली. टक. दिवा विझेस्तोवर चुपचाप थांबली. गाडी एका झटक्यात चालू!

मी उडी मारून ओट्याजवळ गेली. "बोलले ना तुम्ही! आणखी बोला. काहीबी बोला. मले शिव्या द्या." ओठ हलले. कपाळावर घाम आला. आवाज नाही आला. त्यायचे डोळे भरले आन् त्यायनं काठीनं रस्ता दाखवला. उशीर होऊन राहिला होता. दिघोरीपर्यंत मी रडत गाडी चालवली.

त्याले महिना झाला. गाडी रोज पहिल्या झटक्यात चालू होते. शेजारीण विचारते, "काहून वं, गाडी तं सुधरली, मंग सकाळी-सकाळी कोणाशी भांडून राहिली?" तिले काय सांगू! याच 'गप' शब्दापायी मी लग्नानंतर दोन-दोन दिवस रुसून बसली आहे, ताटावरून उठून गेली आहे. आता किल्ली अर्धी फिरवते आन् मुद्दाम सुटते, जोरजोरात, तोंडाले येईल ते, अर्धं ध्यान ओट्याकडं ठेवून.

दिवा विझते. ते माझ्याकडं पाहत राहतात. मी आणखी थोडं बोलून पाहते, आन् मंग स्टार्टर मारते.