दत्तूने नेलेल्या बांगड्या

जालन्याच्या दवाखान्यातून गणेशचा फोन आला तेव्हा मी वाटूरच्या बाजारात बांगड्या मांडत होते. "आत्या, अप्पा गेले," एवढंच म्हणाला आणि गाडी किती वाजता निघेल ते सांगू लागला. आवाजात काहीच नाही... बाप मेलेल्या पोराचा असा आवाज असतो का?

अप्पा म्हणजे दत्तू, माझा धाकटा भाऊ. गावातल्या पोरांना त्याने आयुष्यभर कबड्डी शिकवली. श्रद्धांजलीच्या फलकावर 'मर्द घडवणारा गुरू' असं लिहिलं होतं. मी चौथी शिकलेली बाई, पण तेवढं वाचता येतं आणि खोटं आहे हेही कळतं. पोरगा रडला की दत्तू म्हणायचा बायकी, मागे सरला की बायकी, आईने डबा आणला तरी बायकी. पोरं हसायची, आणि मग रस्त्यात पोरींना तसंच बोलायची.

एका दिवाळीआधी तो दुकानात आला. डझनभर काचेच्या बांगड्या मागितल्या, मोठ्या मापाच्या. भावजयीचा हात लहान, माप मला पाठ. मी म्हणाले, "दुसरी केलीस का रे?" दोघंही हसलो. मी बांगड्या दिल्या, ही माझी चूक.

जो रडेल त्याच्यासाठी त्या होत्या. दुसऱ्या दिवशी सामन्यात गणेश पडला. चौदा वर्षांचा, खांदा निखळलेला, रडत होता. दत्तूने सगळ्यांसमोर त्याच्याच हातात त्या कोंबल्या. आम्ही बांगडी भरताना आधी हात दाबून मऊ करतो, बाईला दुखू नये म्हणून बोलण्यात गुंतवतो. इथे दोन मनगटातच फुटल्या आणि पोरं टाळ्या वाजवत होती. मी सामना बघायला आले होते, धावत गेले, काढ म्हणाले.

"राहू दे अक्का," दत्तू म्हणाला, "शोभून राह्यल्यात त्याला."

त्या वर्षीपासून मी त्याला भाऊबीजेला ओवाळलं नाही. गणेश मात्र पुढचा सामनाही निखळल्या खांद्यानेच खेळला. तो हात आजही खांद्याच्या वर जात नाही.

दत्तूच्या दहाव्यानंतर घरात मी आणि गणेश दोघंच होतो. मी म्हणाले, "आता तरी रड. कोणी बघून न्हाई राह्यलं."

त्याचे ओठ हलले. मग त्याने खुंटीला टांगलेल्या बापाच्या शिटीकडे पाहिलं, पाठ ताठ केली, आणि चहा घेणार का म्हणून मला विचारलं.