सुरूचा सांधा

महामायाबाई कंधारच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या, तासिका तत्त्वावर. म्हणजे जूनला बोलावणं आलं तर नोकरी, नाही तर घर. केस पांढरे झाले, पण कायम व्हायची आशा काही सुटेना. त्या वर्षी तर जागा निघणार होती. म्हणून बाईंनी जिभेला गाठ मारलेली. गाठ कच्चीच होती, ती गोष्ट वेगळी.

अभ्यासक्रमात सूचिपर्णी झाडं. आता नांदेड जिल्ह्यात पाइन आणायचा कुठून? कुणीतरी सिमल्याहून आणलेला एक शंकू होता, तो उंदरांनी कुरतडला. मग प्रयोगशाळेतले किशनमामा दर वर्षी तहसीलच्या आवारातल्या सुरूच्या झाडाची डहाळी तोडून आणायचे आणि तिला ‘पाइन’ची चिठ्ठी लावायचे. लांब हिरव्या काड्या, शंकूसारखं बारकं फळ, बघणारा फसणारच.

बाई वर्गात चिठ्ठी काढून टाकायच्या. “पाइनची पानं सुईसारखी, दोन-तीन-पाचच्या जुडग्यानं एकाच बुडातून निघतात. त्याला फूल नाही, फळ नाही. बी शंकूच्या खवल्यावर उघडं बसलेलं. सुरूला फूल येतं. आणि ही काडी म्हणजे पान नव्हेच, फांदी आहे. ओढा!”

ओढली की काडी सांध्यात टच्कन निघायची. सांध्यावर बारीक दातांचं कडं. तीच सुरूची खरी पानं.

“मॅडम, हे तं आम्ही लहानपणी खेळायचो की!” अयोध्या हसून म्हणाली. पोरगी वर्गात सगळ्यांत हुशार. “तोडायची, परत जोडायची, अन् विचारायचं, कुठं तुटलंय सांग.”

प्रात्यक्षिकाला लातूरहून परीक्षक आले, उमाशंकर सर. जागेच्या निवड समितीवरही तेच, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. टेबलावर सुरूची डहाळी, उत्तर म्हणून अपेक्षित पाइन. अयोध्यानं लिहिलं सुरू. सरांनी लाल काट मारली.

सुटली बाईंची गाठ.

“सर, बरोबर लिहिलंय तिनं.”

“मॅडम, आमच्या गाइडनी शिकवलं तेव्हापासून हा पाइनच आहे.”

“मग तुमच्या गाइडना लहानपणी कुणी सुरूखाली खेळू दिलं नसेल.” बाईंनी काडी सरांच्या नाकासमोर धरली अन् ओढली. टच्.

किशनमामा छताकडे बघायला लागले. सर रागावले नाहीत. हसले. हसणारा माणूस जास्त वाईट. उत्तरपत्रिका त्यांनी अयोध्यापुढे सरकवली. “तूच सांग बेटा. विचार करून सांग.”

अयोध्यानं बाईंकडे पाहिलं, मग सरांच्या हातातल्या लाल पेनाकडे.

“पाइन हाय सर. घाईत चुकलं माझं.”

तिला पैकीच्या पैकी मिळाले. बाईंना मुलाखतीचा कागद आला नाही, आणि जूनला बोलावणंही नाही. त्या नांदेडला शाळकरी पोरांच्या शिकवण्या घ्यायला लागल्या.

काही वर्षांनी कंधारच्या बसमध्ये अयोध्या शेजारी येऊन बसली. एम.एस्सी. झालेली, खांद्यावर पर्स, पदर पिनांनी टाचलेला.

“मॅडम, मला तवा ठाऊक होतं, सुरू हाय म्हणून.”

“तेच तर लागलं मला. ठाऊक नसतं तर परत शिकवलं असतं.”

अयोध्या ओशाळली. मग हळूच म्हणाली, “मी तुमच्याच कॉलेजात शिकवून राहिले. तुमचेच तास. तासिकेवर.”

“बरं. प्रात्यक्षिकाला काय ठेवतेस?”

“किशनमामा आणतेत तेच.”

“आणि चिठ्ठी?”

बस फाट्यावर थांबली.

“पाइनचीच, मॅडम. यंदा जागा निघणार हाय.”

बाईंनी पिशवी उचलली. त्यांचा थांबा अजून पुढं होता, पण त्या तिथंच उतरल्या.