शेजारच्या खोलीत वाजणारा फोन

धाराशिवमधल्या एका छोट्या डोळ्यांच्या दवाखान्याची वेबसाईट मी तिसऱ्यांदा करत होते. माझा कॉम्प्युटर क्लास बंद पडल्यापासून हेच काम. आधीच्या दोन्ही वेळा डॉक्टरांनी कौतुक केलं, पण घरबसल्या नंबर लावणारं जवळजवळ कुणी नव्हतं. माणसं पहिल्या एसटीनं येऊन पायऱ्यांवर बसून राहायची. "लोकांना जमत नाही," डॉक्टर म्हणायचे. मीही मान डोलवायचे. तसं मानणं सोयीचं होतं.

या वेळी मात्र मी ठरवलं, काही करण्याआधी बघायचं. तपासणीसाठी थांबलेल्यांपैकी एकेकाला आतल्या खोलीत बसवायचं, "तुमच्या फोनवरून सोमवारचा नंबर लावून दाखवा," एवढंच म्हणायचं आणि गप्प राहायचं. गप्प राहणंच अवघड. कुणाचं बोट भलतीकडं गेलं की माझा हात आपोआप पुढं व्हायचा. शेवटी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.

पहिले आले ते तामलवाडीचे निवृत्त मास्तर. त्यांनी 'आमच्याविषयी' मोठ्यानं वाचलं, 'आमचं ध्येय' वाचलं, मग चष्मा काढून डोळे चोळले. "बाई, लिहिलंय लई छान. पण म्या यायचं कधी, ते कुठं हाय?"

नंबर लावायची जागा कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघांमागं होती. मी दाखवल्यावर ते म्हणाले, "त्या व्हय? मला वाटलं नक्षी हाय."

त्यानंतर माकणीची एक बाई आली. सासूच्या मोतीबिंदूसाठी तिची ही तिसरी खेप. तिला रेघा लगेच सापडल्या. फॉर्म उघडला, पहिलाच रकाना आधार क्रमांकाचा. तिचा अंगठा थांबला. तिनं फोन मांडीवर पालथा घातला.

"काय झालं, ताई?"

"आधार कशाला, मॅडम? नुसते डोळे दाखवायचेत."

तो रकाना कुणी मागितलाच नव्हता. दुसऱ्या कुठल्या तरी फॉर्मवरून मीच उचलला होता. मी विचारलं, "आता घरी असता तर काय केलं असतं?"

"फोन लावला असता. दवाखाना खरा हाय का न्हाय, कळाया नको?"

पार तळाशी, बारीक फिकट अक्षरात दवाखान्याचा फोन नंबर होता. तिनं तो शोधला आणि दाबला. शेजारच्या खोलीत, काउंटरवर फोन वाजायला लागला. आम्ही दोघीही ऐकत बसलो. वाजून वाजून बंद झाला. तिनं पुन्हा लावला. भिंतीपलीकडून कुणीतरी म्हणालं, "वाजू दे, बंद व्हतो आपोआप."

ती रागावली नाही. "बघा," एवढंच म्हणाली. "घरी असते तर म्हणले असते, सगळं खोटं हाय."

संध्याकाळी डॉक्टरांना सांगितलं. "वेबसाईट केली ना, मग फोनला माणूस कशाला?" असं त्यांनी विचारलं. वाद घालायचं माझ्यात त्राण नव्हतं. म्हटलं, "उद्या तुम्हीच बसा माझ्याशेजारी."

ते बसले. एका म्हाताऱ्या पेशंटच्या हातून त्यांनी दोनदा फोन ओढून घेतला. तिसऱ्यांदा मी नुसतं त्यांच्याकडं बघितलं. मग तेही हात मांडीखाली दाबून बसले. पेशंटनं लावलेला फोन शेजारच्या खोलीत वाजून वाजून बंद झाला, तोही त्यांनी ऐकला. दुसऱ्या दिवशी त्यांनी एका सिस्टरना सकाळभर फोनवर बसवलं.

मी 'नंबर लावा' हे बटण सगळ्यात वर आणलं. नाव, गाव, मोबाईल आणि दिवस, एवढेच रकाने ठेवले. विकत घेतलेला निळ्या डोळ्यांच्या बाईचा फोटो काढून डॉक्टरांचा स्वतःचा टाकला. फोन नंबर ठळक केला. सगळं मिळून दोन दुपारींचं काम होतं. ते आधी का केलं नाही, याचा विचार करायचा मी टाळते.

माकणीच्या बाईच्या सासूचं ऑपरेशन झालं. पुढच्या तपासणीचा नंबर तिनं घरूनच लावला. तरी निघण्याआधी फोनवर सिस्टरना विचारून घेतलंच, "नंबर लागलाय म्हणतंय, येऊ ना?" असे पुष्कळजण विचारतात. पायऱ्यांवरची गर्दी थोडी घटली आहे, थोडीच.

गेल्या आठवड्यात जिल्ह्यातल्याच वाशीच्या एका आजोबांना बसवलं. त्यांनी फॉर्म पूर्ण भरला आणि शेवटचं बटण न दाबताच फोन खिशात टाकला. झालं, म्हणाले. मी वहीत लिहून घेतलं आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.