किडक्या बोंडांचं तोरण

बोंडअळीनं कापूस खाल्ला, त्या वर्षी नेरच्या बस स्टँडजवळ एक शेतकरीण तोरणं विकायला बसायची. देवळामागे टाकून दिलेले झेंडू वाळवून ती कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या काड्यांना बांधायची आणि मधोमध अळीनं पोखरलेली काळी बोंडं लावायची. प्रत्येक बोंडाचं भोक अंगठ्यानं फिरवून रस्त्याकडे करायची.

मी म्हणाले, “एवढी किडकी बोंडं काढून द्या. घरी पाहुणे येणार आहेत.”

तिनं तोरण माझ्या हातातून परत घेतलं. “बोंडं नाही निघत, बाई. औंदा वावरात हेच पिकलं. पाह्यजे तर फुलं काढून देते.”

मी ते तसंच विकत घेऊन घरी दारावर लावलं. पाहुण्यांनी विचारलं, बोंडांना हे काय झालं? आमच्या नोकरदार घरात त्या वर्षी कापसाचा विषय पहिल्यांदा निघाला तो असा, उंबरठ्यावर.