खांद्याला लावलेला फॉल
ठाकुर्लीच्या आमच्या शेजारच्या मावशींच्या खांद्याचा स्नायू फाटला. डॉक्टरांनी तो शिवला आणि टाके उसवू नयेत म्हणून वर नायलॉनसारखी पट्टी बसवली.

“मला आतून फॉल लावलाय गो बाय,” त्या चाळभर सांगायच्या.

हात वर जाईना, म्हणून दुपारी अंबाडा घालून घ्यायला माझ्याकडे यायच्या. मी कोणाशी फारशी बोलत नाही. पण त्यांचे केस हातात आले की खाडीच्या कोमट पाण्यात हात सोडून बसल्यासारखं वाटायचं. खांदा बरा झाला की त्या येणार नाहीत, याची धास्ती होती.

काल त्या स्वतःच अंबाडा घालून आल्या. मी हातातला कंगवा परत फळीवर ठेवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पिना काढल्या आणि पाठ करून बसल्या.

“नाय जमला गो. तूच घाल.”

अंबाडा छान जमला होता.