हातात खडू असेल तर बोलायचं नाही

आमच्या गणिताच्या सरांनी उभ्या जन्मात कोणाला कशाचं सरळ उत्तर दिलं असेल, तर मी भर बसस्टँडवर कान धरून उभी राहीन, असं मी पैजेवर सांगत असे. ऐंशीच्या दशकात एटापल्लीकडच्या आमच्या शाळेत ते आम्हांला आठवीला होते. फळ्यावर गणित लिहायचं, चौघाचौघांचे गट फरशीवर बसवायचे आणि गटाला एकच खडू द्यायचा. ज्याच्या हातात खडू, त्यानं तोंड उघडायचं नाही. बाकीचे सांगतील तेवढंच लिहायचं. मग आम्ही भांडत बसायचो आणि सर तोंडात सुपारी कोंबून बाहेर बोअरिंगच्या हापशाभोवती फेऱ्या मारायचे. आत थांबलो तर उत्तर तोंडातून निसटेल, ही त्यांना धास्ती. "सर, बरोबर हाये का?" विचारलं की म्हणत, "मले काऊन इचारता? बाजूच्याले इचारा." एकदा स्टँडवर कोणी आलापल्लीची बस कधी येईल विचारलं, तर सरांनी त्यालाच ती कुठून निघते, कुठे कुठे थांबते याचा हिशेब करायला लावलं. हिशेब जमेपर्यंत बस येऊन गेली होती.

पण नोकरी कच्ची होती बिचाऱ्यांची. तपासणीचे साहेब येणार, त्यांचा शेरा चांगला पडला तरच सर पक्के होणार, हे पोरापोरांना ठाऊक होतं. हेडमास्तरांनी बजावलं, "गुरुजी, त्या दिवशी तरी फळ्यावर सोडवून दाखवा." सर हो म्हणाले. तेव्हापासून त्यांना घास जाईना, आणि त्यांच्याकडे बघून आम्हांलाही.

साहेब आले. सरांना बाजूला सारून त्यांनी स्वतःच गणित घातलं : सहा माणसं एक काम आठ दिवसांत करतात, तर चार माणसं किती दिवसांत करतील? आणि खडू दिला नेमका माझ्या हातात. मला उत्तर येत होतं हो! पण हातात खडू. सरांचा चेहरा पांढराफटक.

"मुलगी मुकी आहे काय?" साहेबांनी विचारलं.

मागून एक जण म्हणाला, "तिच्या हाती खडू हाये साहेब. पोरगी कसी बोलन?"

मी घाबरून खडू साहेबांच्याच हातात ठेवला. झालं, सगळ्या वर्गाला तोंड फुटलं. "लिहा साहेब. काम कोनतं? धान रोवन्याचं असन त माणसं नाई, बाया लिहा." "बाया कमी झाल्या, मंग दिवस वाढन ना!" "एकच बाई रोवत राह्यली त किती दिवस लागन, ते काढा आधी." साहेब भांबावून लिहीत गेले. हेडमास्तर घाम पुसत होते, आणि सर कधीच बोअरिंगपाशी पोचले होते. बारा दिवस आले, बरोबर आले. साहेबांनी हात झटकले आणि ते निघून गेले.

जूनमध्ये दुसरे गुरुजी आले. ते सगळी गणितं फळ्यावर सोडवून देत आणि आम्ही उतरवून घेत असू.

पुष्कळ वर्षांनी मूल गावच्या स्टँडवर सर भेटले, केस पिकलेले, गालात सुपारी. इतकी वर्षं छातीत रुतलेलं मी विचारून टाकलं, "सर, आमच्यापायी गेली का तुमची नोकरी?"

मला वाटलं, आता म्हणतील बाजूच्याला विचार. सरांनी सुपारी थुंकली.

"नाई," ते लगेच म्हणाले.

त्या उत्तराचा पडताळा मी कधी घेतला नाही. त्यांची बस हलली तेव्हा मात्र माझा हात आपोआप कानाकडे गेला.