हिरावैनीची ओळ

एका गाण्याची एक ओळ आहे, ती फक्त मला येते. आमच्या ह्यांना ती ठाऊक नाही, माझ्या मुलींना नाही, आणि जिच्यासाठी ती केली तिच्या कानावरही ती कधी पडली नाही. इतकी वर्षं मी ती तोंडातून काढली नाही. बोलायचं म्हटलं की माझी जीभ जड होते — लहानपणापासूनच. लिहिताना तेवढी होत नाही. चौथीपर्यंत शिकले, त्याचा हा एवढाच उपयोग.

तुम्ही कोण वाचाल, मला माहीत नाही. कोणी वाचणारही नाही कदाचित. एखादी मैत्रीण ओटीवर बसली आहे, हातात काही काम आहे, आणि ती वर न बघता ऐकते आहे — असं धरून लिहिते. वर बघितलं तर मला जमणार नाही.

आधी एक सांगते. मी सुखात आहे. सारसोळ्यात आमचं घर आहे, दारात जाळी वाळत असतात, मागे खाडी. हे होडीवर जातात, परत येतात. मुली चांगल्या घरी पडल्या. आणि माझी गाणी आहेत. बेलापूरपासून उरणपर्यंत कुठेही मांडव पडला की बोलावणं येतं. कधी बैलगाडी, कधी होडी. मुंबईचा एक माणूस यंत्र घेऊन आला होता, गाणी भरून घेऊन गेला. जाताना मला वाकून नमस्कार केला. मी दाराआड गेले, तर हे म्हणाले, "आगो, बाहेर ये, साहेब तुज्या पाया पडतंय, माज्या नाय." अजून तेच सांगून हसतात.

मग लिहायचं काय? थांबा. सांगते.

हिरावैनी माझी थोरली जाऊ. मी लग्न होऊन आले तेव्हा तिचे मालक, म्हणजे माझे थोरले दीर, जाऊन दोन पावसाळे झाले होते. पदरात एक मुलगी, चंद्री. वैनी खाडीच्या चिखलात उतरून कालवं काढायची, बाजारात बसून विकायची. मला विकणं कधी जमलं नाही, त्याला ओरडावं लागतं. मी घरी मासळी सुकवायची आणि मनात शब्द जुळवायची. कोणाला सांगत नव्हते. एकदा मी सुकटीवरून कावळे हाकताना गुणगुणत होते, ते तिने ऐकलं. म्हणाली, "कोनाचा गाना ह्यो?" मी कावळेच हाकत राहिले. "तुजाच ना? मंग मोठ्यानं बोल, कावलं पन ऐकतील." मी मोठ्यानं म्हटलं नाही. तिने म्हटलं. तिचा गळा — काय सांगू? पलीकडच्या काठावरची माणसं मान वळवायची.

तिथून आमचं सुरू झालं. लग्नाची गाणी गाणाऱ्या बाईला आमच्याकडे धवलारीण म्हणतात. हिरावैनी धवलारीण झाली. मी तिच्या पाठीमागे बसायची, तिच्या पदराच्या आडोशाला. मी हळूच ओळ द्यायची, ती उचलून गायची. ती थोडी मान कलती करायची, की मला कळायचं — आता पुढची. लोकांना वाटायचं मी पानसुपारी सांभाळायला आलेय. तेच बरं वाटायचं मला.

बरं वाटायचं का? इथेच तर अडतं माझं.

एकदा शिरवणे गावची माणसं लग्नाचं बोलावणं घेऊन आली. ओटीवर बसली. मी त्यांना पाणी दिलं. त्यातला म्हातारा म्हणाला, "हिराबाय, काय गानी बांधतेस तू! डोका हाय का पेटारा?" वैनी हसली. मी रिकामे तांबे उचलून आत गेले. तिने सांगायला हवं होतं, असं मला वाटलं. पण मी तरी कुठे सांगितलं? मीच तर तिला म्हटलं होतं, माझं नाव घेऊ नकोस, मला लाज वाटते. तिने माझा शब्द पाळला. आणि त्याचाच राग मी मनात धरून बसले. असं कोणी करतं का? मी केलं.

आता चंद्रीची हळद.

आमच्याकडे हळदीच्या गाण्यात नावं घ्यायची असतात. ज्याचं नाव गाण्यात येतं त्याने उठायचं, वाटीतली हळद घेऊन नवरीला लावायची. पहिली हळद आईची, मग मामा, मग आत्या, मग काका, असं. आणि गाण्यात नाव आलं की त्या माणसाला कोणी अडवत नाही. अबोला असू दे, भांडण असू दे. आमच्याच आळीत दोन भाऊ वर्षानुवर्षं बोलत नव्हते. मी धाकट्याचं नाव ओळीत घातलं, वैनीने ते गायलं, आणि तो वेशीवरून उठून आला, थोरल्याच्या पोरीला हळद लावली. कोणी हूं केलं नाही. शेवटची ओळ देवाला पानविडा ठेवायची. ती गायली की वाटी उचलायची. मग कोणी हळद लावत नाही.

विधवेने हळदीला हात लावायचा नाही, ही आमची रीत. धवलारीण विधवा असली तरी चालते. तिचा गळा चालतो, हात चालत नाही. त्यामुळे चंद्रीची आई म्हणून मांडवात मी बसणार होते, आणि बाप म्हणून हे.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात आम्ही दोघी विहिरीवर भांडी घासत होतो. वैनी भांड्याकडे बघतच बोलली, "धाकले, माजा नाव घाल गो गान्यात. तू मागनं दिलास तर मी गाईन. मी आपल्या मनानं नाय गानार. लोक बोलतील, सोताचाच नाव लावतं."

मी म्हटलं, "घालते."

"लोक बोंबलतील."

"गाण्यात आलं तर कोण बोंबलेल?"

ती हसली. राखेचा हात कपाळाला लावून हसली. माझ्याकडे तिने आयुष्यात मागितलेली ती एकच गोष्ट.

मी ओळ केली. खोटं नाही सांगत, त्याच रात्री केली, आणि चांगली झाली. तोपर्यंत केलेल्या सगळ्या ओळींत चांगली. चंद्रीच्या कानात मी सांगूनही ठेवलं — तुझी आई येणार हळद लावायला. हे सगळं मी मनापासून केलं. म्हणून तर पुढचं सांगायला एवढं जड जातं.

हळदीच्या संध्याकाळी मांडव भरला होता. चंद्री पाटावर बसली, मी तिला पहिली हळद लावली आणि येऊन वैनीच्या मागे बसले, नेहमीसारखी. गाणं रंगलं. बायका डोलत होत्या. कोणीतरी माझ्या शेजारीच म्हणालं, "हिरासारखी गानी बांधनारी व्हनार नाय." माझ्या शेजारी. मला धक्का देऊन म्हणालं, मी हसावं म्हणून.

मामा झाला. आत्या झाली. चुलत काका झाला. वैनीने मान कलती केली.

मला तिचा कान दिसत होता. बुगडी काढल्यावर राहिलेलं भोक दिसत होतं. तो कान माझ्या ओळीची वाट बघत होता. ओळ माझ्या ओठांवर होती. आणि मी तिला पानविड्याची ओळ दिली.

भीती वाटली, असं मी स्वतःला खूप दिवस सांगितलं. म्हातारी माणसं काय म्हणतील, लग्नात विघ्न आलं तर माझ्यावर येईल — असं. ते खरं नाही. मांडवात तेव्हा मला कोणाचीच भीती वाटली नव्हती. मला एवढंच वाटलं होतं की सगळं हिलाच का? गळा हिचा, गाणी हिची, आणि आता हळदही? ती हळद तिच्या स्वतःच्या मुलीची होती, हे मला त्या घटकेला दिसलं नाही. की दिसलं होतं? दिसलं होतं.

वैनी थांबली नाही. मी दिलेली ओळ तिने घेतली आणि गायली, सूर जरासुद्धा न हलवता. वाटी उचलली गेली. तेव्हा चंद्रीने पाटावरून मान वर केली, हळदीचं तोंड घेऊन, आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "आये, तुजा नाव?"

सगळ्यांनी आधी वैनीकडे बघितलं.

मी म्हटलं, "विसरले." एवढंच. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी कधी ओळ विसरत नाही. वैनीला ते ठाऊक होतं.

तिने मागे वळून माझ्याकडे बघितलं, फार नाही, जरासं. मग मांडवाकडे वळली आणि हसत म्हणाली, "तिला का बघता? बिचारीला धरू नका. ही सगली गानी तिचीच हायत. माजा नुसता गला. ती मागनं सांगते नि मी वरडते. यवरी गानी डोक्यात ठेवायची, येखादी ओल ऱ्हायची का नाय?"

बायका बघतच राहिल्या. मग एकीने माझा हात धरून मला पुढे ओढलं. दुसरी म्हणाली, "आगो, मुकी मुकी म्हनतो ती ही, नि पोटात यवरा?" सगळे हसले. मला पुढे बसवलं, माझ्या कपाळाला कुंकू लावलं. चंद्री खाली बघत होती.

तर त्या दिवसापासून लोक मला ओळखू लागले. माझं जे काही नाव आहे ते त्या संध्याकाळचं आहे. मला हवं होतं ते मला मिळालं, आणि ते तिनेच दिलं — मी तिचं ठेवून घेतलं, त्याच घटकेला.

त्यानंतर आम्ही किती मांडव केले. अजून करतो. आता मी तिच्या शेजारी बसते, मागे नाही. तिने मला कधी विचारलं नाही. कधी टोमणा नाही, कधी भांड्याची आदळआपट नाही. चंद्री पोरांना घेऊन माहेरी येते, मला काकी काकी करते. वैनी नातीच्या वेण्या घालते, मी सुकट निवडते, हे चहा मागतात. खरंच सुखाचं आहे सगळं. फक्त हळदीच्या गाण्यात, काकाचं नाव झालं की वैनी एक श्वास थांबते. पूर्वी थांबायची नाही. लोकांना वाटतं, वय झालं. मग ती मान कलती करते, मी पानविड्याची ओळ देते, आणि ती गाते.

हे मी कोणी मला माफ करावं म्हणून लिहिलेलं नाही. ओळ तेवढी इथे लिहून ठेवते. ती अशी होती:

चिखलाचं हात धुव गो हिरा,
लेकीला हलद तुज्याच हातची.